खालून आलेलं पाणी

आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मागे एक मेळावा भरवला. त्यात एकजण खिल्लारे सरांविषयी बोलायला उठला आणि म्हणाला, "सर तापट होते, पण आतून फणसासारखे गोड." टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. माझं डोकंच सणकलं. फणस म्हणे! आमच्या परभणी जिल्ह्यात फणस पिकत नाही आणि खिल्लारे सर गोड नव्हते. ते संतापलेले होते. सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आधीपासून संध्याकाळी घराची कडी लावेपर्यंत संतापलेले होते. त्या संतापाला कारणं होती. ती कारणं त्या मांडवात बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक होती, आणि त्यातलं एक कारण मी स्वतः होते.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले सत्तर साली. ताडकळसच्या अलीकडचं गाव. बस फाट्यावर सोडायची, तिथून काळ्या मातीतून पायी. पहिल्याच आठवड्यात नववीच्या वर्गात मागच्या बाकावर कुणीतरी बडबडत होतं, म्हणून मी खडूचा तुकडा फेकून मारला. सगळेच मास्तर मारायचे. शेजारच्या वर्गात भूगोल चालू होता, मधे नुसता पत्रा. पत्र्यापलीकडचा आवाज थांबला आणि माझ्या दारात एक उंच, वाळका माणूस येऊन उभा राहिला. खाकी पँट, पांढरा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट.

"बाई, तो खडू उचला."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"उचला म्हणतो ना."

चाळीस पोरांसमोर मी वाकून खडू उचलला. कानाची पाळी तापली होती माझ्या.

"काय हाय हे?"

"खडू."

"जिप्सम हाय. समुद्र आटला, त्यातला क्षार खाली बसला, त्याचा हा दगड झाला. माणसाचा पत्ता नव्हता तवाचा. भाजून, कुटून, साच्यात घालून तुमच्या हातात दिलाय. लिवायसाठी दिलाय. पोरांच्या तोंडावर फेकायसाठी न्हाई."

आणि गेले. दोन मिनिटांत पत्र्यापलीकडून गोदावरीच्या उपनद्या ऐकू यायला लागल्या.

हे सखाराम खिल्लारे. बौद्ध. वडील गावकीची कामं करून भाकर तुकडा आणणारे, आणि ते म्हातारे झाल्यावर मुलानं तेच करावं असं गावानं गृहीत धरलेलं. सरांचं पहिलं शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालं होतं, त्यामुळे रागावले की उर्दू यायची. शिवी एकच, 'बेअक्कल', आणि ती ते पोरांना कधीच देत नसत, मोठ्यांसाठी राखून ठेवलेली होती. चालायचे असे की कुठंतरी आग लागलीय. जेवायचे उभ्यानं, वर्गाच्या खिडकीशी, भाकरीवर चटणी घेऊन. स्टाफरूममध्ये चहा घ्यायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पित्त होतं." मला हे खरं वाटलं, चांगले दोन महिने वाटलं. मग एकदा कप विसळताना शिपायानं मला सांगितलं, "तो खिडकीतला नका घेऊ बाई, तो खिल्लारे सरांचा हाय." आठ कप टेबलावर आणि नववा, दांडा मोडलेला, खिडकीत. मी तो कप तिथून उचलला नाही. हेही इथं लिहून ठेवते.

त्यांची माझी ओळख वाढली ती माझ्या अक्षरामुळे. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्यांना एका इंग्रजी पुस्तकातून उतरवलेली टिपणं मराठीत नीट लिहून हवी होती. सगळी टिपणं एकाच विषयावर: जिप्समच्या दगडात गुहा कशा होतात. मी म्हटलं, "सर, शाळेच्या पुस्तकात तर गुहा चुनखडीत होतात असं आहे."

"पुस्तक लिवणारा आत शिरला होता का?"

"तुम्ही शिरलात?"

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. व्हरांड्यात उभ्या उभ्या, भाकरी खात.

पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी, गावात काम नाही म्हणून, एका सर्वे पार्टीबरोबर ते खलाशी म्हणून निघून गेले. खलाशी म्हणजे तंबू उचलणारा, साखळी ओढणारा. पार्टी गेली पार हिमालयाच्या पायथ्याला. तिथं एक पांढरा डोंगर, आणि त्याच्या कुशीत रांजणाच्या तोंडाएवढं भोक. पार्टीचे साहेब मराठी होते, विद्वान होते आणि अंगानं भरलेले होते. साहेब भोकात मावेनात. मग सखारामच्या कमरेला दोर बांधला, हातात मेणबत्ती आणि फीत दिली आणि आत सोडलं.

"आमच्या उर्दूच्या मौलवीसाबनं शिकवलंवतं, गार म्हणजे गुहा. आत शिरलो आन म्हणलं, खरंच की, गार हाय." सर हसले. त्यांना हसताना मी मोजून तीनदा पाहिलंय, त्यातलं हे एक.

नऊ दिवस ते आत जात होते. सरपटत, गुडघ्यावर, कधी आडवं होऊन. भिंत इतकी मऊ की नखानं ओरखडा उठे. बोळात बोळ, बोळात बोळ, एखाद्या बाजारपेठेसारखे. रोज बाहेर येऊन मापं सांगायचे, आणि कागदावर नकाशाही तेच काढायचे, कारण आत काय आहे ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. दहाव्या दिवशी साहेब सगळ्यांना म्हणाले, ही गुहा जुन्या नदीनं कोरलेली आहे. तेव्हा वीस वर्षांचा खलाशी बोलला.

"साहेब, नदी असती तर गोटे असते. आत एक गोटा न्हाई. वाळू न्हाई. आन नदी तळ खाते. हितं तळ सपाट हाय आन छत खाल्लेलं हाय. पालथ्या पराती बसवाव्या तसे खळगे हायेत छताला."

"मग तुझं काय म्हणणं?"

"पाणी वरून आलं न्हाई. खालून आलं."

साहेब हसले. पार्टी हसली. सरांचं म्हणणं मात्र सोपं होतं. जमिनीखाली दाबलेलं पाणी फटीतून वर चढतं. ताजं पाणी हलकं असतं, ते वर छताला जाऊन छत विरघळवतं. दगड खाऊन ते जड झालं की खाली बसतं आणि त्याच्या जागी पुन्हा ताजं येतं. असं हजारो वर्षं, अंधारात, वरच्या जगाला काही पत्ता नसताना. मग कधीतरी बाजूनं दरी फुटते, पाणी निघून जातं आणि पोकळी उरते. तीच गुहा.

सर्वेचं काम संपल्यावर ते परत आले, बाहेरून मॅट्रिक झाले, औरंगाबादला जाऊन पदवी घेतली, मास्तर झाले. पण ती गुहा डोक्यातून गेली नाही. त्यांनी साहेबांना एक सविस्तर पत्र लिहिलं. साहेबांचं कार्ड आलं, दोन ओळींचं: नुसतं पाहणं म्हणजे शास्त्र नव्हे, पुरावा असल्यास कळवावे.

ते कार्ड त्यांनी वर्गातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं. कपाट उघडलं की समोर कार्ड, आणि कार्डाखाली प्रयोग.

प्रयोग असा, मी आले त्याच वर्षी सुरू केलेला. सर्वेहून परत येताना त्यांनी ट्रंकेत जिप्समच्या दोन जाड फळ्या आणल्या होत्या, पाटीएवढ्या. त्या एकमेकींवर ठेवून तारेनं आवळल्या होत्या, मधे काडेपेटीच्या काडीइतकी फट. हे बंडल एका मोठ्या काचेच्या बरणीत तिरकं उभं. उंचावर माठ, माठातून रबरी नळी, नळी बरणीच्या तळाशी. पाणी तळातून येणार, फटीतून वर चढणार आणि बरणीच्या तोंडातून निथळून बादलीत पडणार. दिवसाला एक घागर. सुट्टीच्या दिवशीसुद्धा सर यायचे. जुन्या वहीत रोजची नोंद: पाणी किती, बादलीतल्या पाण्याची चव कशी, फट बाहेरून दिसते किती. मी रोज पाहत होते. दोन वर्षं. आतमध्ये काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. "उघडून बघायचं का?" मी एकदा विचारलं, तर ओरडले, "उघडलं की संपलं. दम धरा!"

एकदा तपासणीला आलेल्या शिक्षणखात्याच्या साहेबांनी नववीला विचारलं, गुहा कोणत्या खडकात होतात. एका मुलीनं सांगितलं, "चुनखडीत, आन जिप्सममध्ये बी." साहेब म्हणाले, चूक, बस खाली. खिल्लारे सर मागून गरजले, "बसू नकोस!" मुलगी रडायला लागली, पण बसली नाही. तपासणीच्या शेऱ्यात सरांविरुद्ध चार ओळी आल्या. त्यांनी त्या वाचल्या, सही केली आणि सहीखाली लिहिलं, 'उत्तर बरोबर होते.'

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्याबद्दल मी फार लिहीत नाही, ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. आमच्या गावात दोन विहिरी. बौद्धवाड्याची दिवाळीआधीच आटली. चावडीजवळची गावविहीर खोल, तिला तळाला झरा होता. बौद्धवाड्यातल्या बायका तिथं घागरी घेऊन यायच्या आणि कट्ट्याच्या खाली उभ्या राहायच्या. वरच्या कुणाला वेळ झाला, दया आली, तर तो पोहरा ओढून वरून त्यांच्या घागरीत ओतायचा. स्वतः दोर टाकायचा नाही. कायदा काय म्हणतो ते सगळ्या गावाला माहीत होतं. पण कायदा परभणीला राहत होता.

सरांच्या पत्नी, सुभद्राबाई, एका सकाळी तिथं तीन तास उभ्या होत्या. शाळेत कुणीतरी सांगितलं. सरांनी चालू तास सोडला, शाळेचाच दोर आणि बादली घेतली आणि निघाले. आम्ही मास्तर मंडळी मागोमाग, तमाशा बघायला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

कट्ट्यावर माणिकराव बसले होते. शाळा समितीचे अध्यक्ष, गावातले मोठे जमीनदार. ते गोड बोलायचे. गोड बोलणाऱ्यांची मला तेव्हापासून भीती वाटते.

"मास्तर, या की. कामून तकलीफ घेतलीव? पाणी न्हाई म्हणलं का कुणी? वाढून देतावच की आमी."

"वाढून भिकाऱ्याला देतेत माणिकराव. मला काढायचंय."

"रीत असती मास्तर."

"रीत तुमची असल. झरा तुमचा न्हाई."

आणि ते कट्ट्यावर चढले. कुणीही हात लावला नाही. त्या दिवशी टंचाई पाहायला मामलेदारांची जीप गावात होती, हे एक कारण असेल. सरांनी दोर सोडला, बादली ओढली, सुभद्राबाईंची घागर भरली. मग पुढच्या बाईची. मग तिच्या पुढच्या. ऊन डोक्यावर आलं तरी माणूस ओढत होता. सव्वीस बायका होत्या रांगेत. हाताची सालं निघाली, दोर लाल झाला. शेवटची घागर भरल्यावर ते खाली उतरले, शाळेत आले आणि तसल्याच हातानं फळ्यावर सातवीला मोसमी वारे काढून दाखवले.

गावानं सरांना मारलं नाही. गावानं दुसरं केलं. दोन दिवसांत एक वाक्य घरोघर फिरलं: गाव तहानलंय आन मास्तर दगडाला पाणी पाजायलाय.

काय वाक्य होतं! ज्यानं रचलं त्याची मला आजही चीड येते, कारण ते चांगलं होतं. ऐकणाऱ्याला हसू येई आणि रागही येई. वस्तुस्थिती अशी होती की दुष्काळ लागल्यापासून सर प्रयोगाला दुसऱ्या शिवारातल्या ओढ्याच्या डबक्यातलं पाणी आणत होते, दीड मैलावरून, खांद्यावर, फडक्यातून गाळून. आणि बरणीतून निथळलेलं पाणी सुभद्राबाई भांड्यांना वापरत होत्या. स्वयंपाकाला ते चालत नसे, दगड विरघळलेल्या पाण्यात डाळ शिजत नाही. थेंब वाया जात नव्हता. हे मला माहीत होतं, हेडसरांना माहीत होतं. पण वाक्य पुढे गेलं होतं.

समिती शाळेत आली. माणिकराव, त्यांचा पुतण्या, आणखी चारपाच. हेडसर पुढे पुढे करत होते. कपाट उघडलं. माणिकराव म्हणाले, "मास्तर, हे बंद करा. लोकांत बरं दिसत न्हाई."

"गावचं पाणी न्हाई हे. ओढ्याचं हाय. वही बघा."

वही हेडसरांनी उचलली आणि काखेत मारली. "चौकशीसाठी लागेल." ती वही पुन्हा कुणाला दिसली नाही.

"बंद करा म्हणलं ना," माणिकराव म्हणाले, अजून गोडच.

"न्हाई करत."

पुतण्यानं बरणी दोन्ही हातांनी उचलली आणि फरशीवर आपटली.

मी दारात होते. काच माझ्या पायापर्यंत आली. तार तुटली, फळ्या दोन बाजूला पडल्या, आतली बाजू वर. सर खाली बसले. मला वाटलं, आता हा माणूस कुणाचा तरी जीव घेणार किंवा रडणार. त्यांनी काही केलं नाही. ते त्या फळ्यांकडे बघत राहिले. मग एकदम त्यांनी माणिकरावांचा हात मनगटाला धरला आणि खाली ओढला.

"हात घाला! बघा! हात घाला आत!"

माणिकराव इतके दचकले की त्यांनी हात घातला. बरणीत वरच्या बाजूला असलेल्या फळीला आतून खळगे पडले होते. गुळगुळीत, गोल, पालथ्या वाट्यांसारखे. फटीची पोकळी झाली होती, अंगठा सहज जाईल एवढी, आणि तिला बोळ फुटले होते. बाहेरून काही कळत नव्हतं. सर ओरडत होते, "झालं! दोन वर्षांत झालं! खालून आलं पाणी!" आणि डोळ्यांतून संताप नुसता वाहत होता, कारण ज्यांनी उघडलं त्यांनी तोडून उघडलं.

त्या संध्याकाळी हेडसरांनी मला बोलावलं. सर तक्रार करणार होते, तेव्हा शाळेच्या दप्तरात आधी काही नोंद हवी होती. "जाधव बाई, तुमचं मराठी चांगलं. अक्षरही." ते सांगत गेले, मी लिहीत गेले. 'कपाट साफ करताना शोभेची बरणी हातातून निसटून फुटली. आत दोन शोभेचे दगड होते.' खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

माझी नोकरी कायम व्हायची होती. घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या. ही कारणं आहेत, सबब नाही. मी 'शोभेचे' हा शब्दही न अडखळता लिहिला. अक्षर नेहमीसारखंच आलं, सुंदर.

सरांची तक्रार त्या नोंदीवर आपटून परत आली. त्यांनी नोंद पाहिली होती. मला टिपणं उतरवायला देणं त्यांनी बंद केलं.

पंचाहत्तर साली परभणीच्या एका कॉलेजातून भूगोलाच्या शिक्षकांना बोलावणं आलं. व्याख्यान होतं, आणि व्याख्याते तेच सर्वेचे साहेब. निवृत्त झाले होते, मोठं नाव झालं होतं. विषय, जिप्समच्या गुहा. बोलावणं वाचून सरांचा चेहरा कसा झाला! लग्नघरचा माणूस दिसावा तसा. त्यांनी सदऱ्याला इस्त्री करून घेतली. दोन्ही फळ्या धोतराच्या फडक्यात बांधल्या, मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. हेडसर पुढच्या सीटवर, आणि अहवाल लिहायला म्हणून त्यांनी बरोबर घेतलेली मी मागच्या. सर कुणाशीही बोलत नव्हते, पण तो राग नव्हता. साहेबांनी पुरावा मागितला होता, आणि तो घेऊन ते निघाले होते.

सभागृह भरलेलं होतं. साहेब छान बोलत होते. पडद्यावर एकेक चित्र येत होतं. आणि मग ते म्हणाले, "या गुहेबद्दल प्रचलित समज नदीचा होता. मी मात्र तेव्हाच असं मांडलं की पाणी खालून आलं." पडद्यावर नकाशा आला. बोळात बोळ. कोपऱ्यात अक्षरं होती, मराठी आकडे, पायमोडका चार. तो चार मी शंभरदा पाहिला होता. खिल्लारे सरांचा चार.

सर उठले.

"साहेब, तो नकाशा माझा हाय."

लोक वळले. साहेबांनी चष्मा काढला. "आपण?"

"सखाराम. खलाशी."

"बरेच खलाशी होते आमच्याकडे."

"आत जाणारा एकच होता. तुमी तोंडाशी बसला होताव साहेब. तुमी मावत नव्हताव."

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचा चेहरा घट्ट झाला.

"नदी न्हाई, खालून पाणी, हे मी म्हणलंवतं. तुमी हसलाव. मी पत्र लिवलं. तुमी पुरावा मागितलाव. आनलाय." ते पुढे गेले, टेबलावर फडकं सोडलं, फळ्या मांडल्या. साहेबांनी एक उचलली, उजेडात धरली. मी पाहिलं, त्यांना कळलं होतं. खळग्यावरून बोट फिरवताना त्यांचा चेहरा क्षणभर खरा झाला. मग त्यांनी फळी खाली ठेवली.

"सुंदर आहे. पण हे हातानं कोरलेलं नाही कशावरून? काही नोंद? वही? शाळेचं दप्तर?"

आणि आमचे हेडसर उठले. कुणी विचारलं नव्हतं. उठले आणि अदबीनं म्हणाले, "दप्तरात नोंद आहे साहेब. दोन शोभेचे दगड, अशी."

सभागृह हसलं. सगळं नाही, पण पुरेसं हसलं.

सर वळले. त्यांनी हेडसरांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी सांगा. दोन वर्षं रोज बघितलंव ना?"

अडीचशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. हेडसरही. मी मांडीवरच्या पर्सचा बंद धरून बसले. उठायचं होतं मला. तोंडात वाक्यसुद्धा तयार होतं. बसून राहिले.

सरांनी फळ्या पुन्हा फडक्यात बांधल्या, सावकाश, गाठ नीट मारून. बोलून घसा कोरडा पडला होता. टेबलावर व्याख्यात्यांसाठी झाकून ठेवलेला पाण्याचा पेला होता. त्यांनी झाकण काढलं, पेला तोंडाला लावून घटाघटा प्यायला, खाली ठेवला आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेले. साहेबांनी नवीन पेला मागवला.

वर्षाच्या आत सरांची बदली पाथरीकडच्या एका शाळेत झाली. निरोपसमारंभ ठेवला होता, ते आले नाहीत.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले, अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, मानवतच्या बसस्थानकावर. बाजाराचा दिवस, तुफान गर्दी. मी परभणीच्या बसची वाट बघत होते. बस आली आणि लोक तुटून पडले. मला दारापर्यंतही जाता येईना. तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "बाई! इकडं! जागा धरलीय!"

खिल्लारे सर. केस पुरते पांढरे झालेले. शेजारच्या सीटवर त्यांनी रुमाल टाकला होता आणि एका दांडग्या व्यापाऱ्याशी त्या जागेवरून कडाकडा भांडत होते. मी कशीबशी आत शिरले. त्यांनी रुमाल उचलला. मी बसले.

बस निघाली. मी सुभद्राबाईंची चौकशी केली. "बऱ्या हायेत." मुलीची केली. "कॉलेजात हाय." दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं पळत होती. शेवटी मी म्हटलं. तीन वर्षं घोकलेलं होतं.

"सर, त्या दिवशी माझं चुकलं."

ते खिडकीबाहेरच बघत राहिले. मग म्हणाले, आणि आवाज चढलेला नव्हता, "चुकलं म्हणू नका बाई. चुकतं ते पोरांचं. तुमी ठरवलंवतं."

बस. एवढंच. मग एका फाट्यावर त्यांनी दोरी ओढून घंटी वाजवली. मला पाय वाकडे करून वाट द्यावी लागली. खाली उतरल्यावर त्यांनी पिशवी खांद्यावर टाकली आणि बांधावरून चालायला लागले, कुठंतरी आग लागल्यासारखे, भरभर. बस सुटेपर्यंत मी खिडकीतून बघत होते. ते वळले नाहीत.